दिली का गोळी?

२७ जानेवारी, सोमवार

थुंकीचा रिपोर्ट आला. टीबी आहे.

दोन महिने मी खोकत होते आणि कधी कापसाच्या धुळीवर, कधी थंडीवर ढकलत होते. घनसावंगीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "अंगणवाडी चालवता ना? मग तुम्हाला वेगळं काय सांगू?" खरंच, काय सांगणार? टीबीचा तक्ता माझ्याच अंगणवाडीच्या भिंतीवर मी स्वतः खळ लावून चिकटवलाय. सहा महिने गोळ्या. पहिले काही आठवडे तोंडाला मास्क, वेगळी खोली, उघडी खिडकी, आणि राजीपासून लांब.

राजी म्हणजे माझी राजनंदिनी. सोळा महिन्यांची. तिला तपासलं, तिला काही नाही. पण माझ्यापासून होऊ नये म्हणून तिलाही रोज एक छोटी पांढरी गोळी, तिच्या वजनाला बेताची, एकही दिवस न चुकता. डॉक्टरांनी विचारलं, "लेकराचं कोण बघणार?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "आम्ही बगू ना साहेब." डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं यांच्या हातात दिली. माझ्या नाही, यांच्या.

हे म्हणजे कल्याण. घनसावंगी ते तीर्थपुरी जीप चालवतात. टायरला नुसती लाथ मारून हवा किती ते सांगतील. राजीच्या कपाळाला हात लावून ताप आहे की नाही, ते मात्र सांगता येत नाही. अशा माणसाच्या हातात माझं लेकरू.

सोयाबीनची पोती ठेवायची मागची खोली मला दिलीय. ही वही अंगणवाडीतली, गृहभेटींची, निम्मी कोरी राहिलेली. बोलायला कुणी नाही, म्हणून लिहिते. गावात शालूशिवाय कुणाला कळू दिलेलं नाही. शालू आमची आशाताई, तिला सांगावंच लागतं. बाकीच्यांना निमोनिया सांगितलाय.

३० जानेवारी, गुरुवार

खिडकीतून अंगण दिसतं, आणि अंगणात जे जे चुकतं ते सगळं दिसतं.

आज फ्रॉक उलटा होता. अंघोळीचं पाणी बघितलं नाही, आधी लेकरू बसवलं. मी ओरडले, "अहो, पाण्यात कोपर घाला आधी! कान पुसा! असं नाही, बाहेरून!" ओरडलं की खोकला येतो. हे वर बघतात आणि हात थांबतात. हात थांबले की राजी रडते. बघा, म्हटलं नव्हतं?

सासूबाई म्हणतात, "शिवकन्या, गप पड की माय. तू वरडली की लेकरू रडतंय. तवर तर हसून राह्यलं होतं." सासूबाईंना मुलगा म्हणजे सोन्याचा. त्या दुसरं काय म्हणणार?

मी यांना शिकवलं नाही असं नाही. बाळंतपणाला मी वाटूरला माहेरी होते, पाच महिने. हे दर रविवारी यायचे आणि खुर्चीवर पाहुण्यासारखे बसायचे. आई यांच्या मांडीवर दुपटं टाकायची, त्यावर राजी, आणि चहा होईपर्यंत परत उचलायची. मान धरता येत नव्हती यांना. इकडे आल्यावर एकदा यांनी तिला तेल लावलं, मी पुसून परत लावलं. एकदा भात भरवला, घास केवढाले! मी वाटी घेतली. पुढे पुढे हे स्वतःहून यायचेच बंद झाले. पुरुषांना मुळात हौसच नसते.

डिसेंबरात अंगणवाडीत बाबांचा मेळावा घेतला होता. अकरा बाबा आले. एकेकाला लेकरू मांडीवर घेऊन घास भरवायला लावलं. "चुकू द्या, चुकूनच शिकतात," असं मी आयांना समजावून सांगितलं. फोटो वर पाठवले, सुपरवायझर मॅडमची शाबासकी आली. यांना बोलावलं नव्हतं. हे गाडीवर होते, आणि आमच्या घरात तशी गरजही नव्हती.

१ फेब्रुवारी, शनिवार

ओट्यावर पांढरा तुकडा पडलेला दिसला. गोळीच होती, अर्धी.

"दिली का गोळी?"

"दिली."

"मग हे काय आहे?"

"ते तिनं थुकलं. मंग दुसरी फोडली, अर्धी परत दिली. गुळात. बराबर गेली."

बराबर गेली म्हणे! काय पुरावा? माझा आजार माझ्या लेकराला लागला तर मी कुठे तोंड दाखवू? हे जीपच्या वेळेकडे बघत गोळी कोंबणार, ती थुंकणार, हे निघून जाणार. पाकीटही यांच्याच शर्टाच्या खिशात असतं. मी मागितलं तर म्हणाले, "डाक्टरनं माझ्याकडं देल्तं."

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक नवल झालं. आमच्या घरात बापाने वडिलांसमोर आपलं लेकरू घ्यायचं नाही, अशी रीत. मामंजी, म्हणजे सासरे रामकिसन, ओट्यावर असले की हे राजीकडे बघतसुद्धा नाहीत. मामंजींनीही यांना कधी घेतलं नव्हतं म्हणे, सासूबाई कौतुकाने सांगतात. आज राजी पायरीवरून पडली. मामंजी तिथेच बसलेले. हे धावले, उचललं, छातीशी धरलं आणि तसेच उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे. मामंजी उठले, टोपी झटकली आणि वेशीकडे निघून गेले. तिथून तासाभराने आले ते राजीला बिस्किटाचा पुडा घेऊन. संध्याकाळी हे राजीला घ्यायला आले, तर मामंजी स्वतःच उठून बाहेर गेले.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. कपाळावरचं टेंगूळ यांच्या खांद्यावर टेकवून पडून राहिली होती.

"हळद लावा! बर्फ असेल तर बर्फ लावा!" मी ओरडत होते. कुणी ऐकलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शालू माझ्या गोळ्या द्यायला आली. मी तिला सांगितलं, राजीच्या गोळ्यांचं एक पाकीट मोरीत भिजलं, दुसरं आणून दे. ती म्हणाली, "भावजींना विचारते." मी म्हटलं, त्यांना कशाला, ते गाडीवर असतात, त्यांना काय आठवतंय. संध्याकाळी तिने खिडकीतून आणून दिलं.

नुसतं जवळ असावं म्हणून. यात वाईट काही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज यांना विचारलं, "दिली का गोळी?" तर उत्तर न देता जीप काढली. उत्तर नाही म्हणजे दिली नाही.

दुपारी सासूबाई लवंडल्या होत्या. राजी डुलत डुलत माझ्या दारापाशी आली. मास्क नीट बांधला, गोळी चमच्यात साखरपाण्यात विरघळवली आणि दाराच्या फटीतून हात लांब करून पाजली. मांजरासारखी चाटून प्यायली. किती सोपं आहे! माझ्या हातून ती कशालाच नाही म्हणत नाही.

तेरा दिवसांनी तिच्या हनुवटीला माझं बोट लागलं. मग मी खूप रडले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रोज देते आहे. यांना रोज विचारते, रोज "दिली" म्हणतात, आणि तोंडावरून मला कळतं.

राजीची भूक गेलीय. काल उलटी केली, आज परत. सासूबाई म्हणतात दात येतायत. दात नाहीत, यांचं खाणं आहे. जीपमध्ये बसवून नेतात, पॅसेंजर कुरमुरे देतात, कुणी केळं देतं. मी खिडकीतून स्पष्ट सांगितलं, "तुम्ही लेकरू मारणार माझं." हे खाली मान घालून गाडी पुसत राहिले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भांडण झालं. सगळं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला खोटं पाडायला नको.

राजी रडत होती, यांच्या खांद्यावर. मी म्हटलं, "तुमच्या आईंकडे द्या तिला. तुम्ही नुसतं थोडा वेळ धरायचं, एवढंच सांगितलं होतं तुम्हाला."

तर हे खिडकीशी आले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट. म्हणाले, "धरा. सोळा महिने झाले, तेच ऐकून राह्यलो. पिशवी धरा, छत्री धरा, लेकरू धरा. 'सांभाळा' म्हन्ली का तू कधी? येक डाव तरी? धरलेलं मान्सानं परत द्याचं असतं, शिवकन्या. मी परतच देत आल्तो."

"सांभाळता येतं का तुम्हाला?"

"येऊन राह्यलं होतं. तू खिडकीत आली की जातंय."

मी म्हटलं, "उद्या हिला टीबी झाला तर तुम्ही जबाबदार. गोळी देत नाही तुम्ही." यांनी खिशाला हात घातला, काहीतरी दाखवणार होते. मी खिडकी लावून घेतली. खोटं बघायचं कशाला?

आता वाटतं, खिडकी आपटायला नको होती. पण शब्दाचा एवढा कीस! धरा काय नि सांभाळा काय. घरात कोण असं तोलून बोलतं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे राजीला घेऊन तीर्थपुरीला गेले, गिरिजाबाईंकडे. त्या यांच्या थोरल्या बहीण. मला खिडकीतून सांगितलं, "तीन दिवस लेकराला शांत ऱ्हाऊ दे. तुलाबी." आणि गेले.

अंगणात दोरीवर तिची लंगोटं आहेत. बाकी काही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन केला. गिरिजाबाई म्हणाल्या, "लई मजेत हाय. बापाच्या हातानं दोन येळा जेवली. उलटी बिलकुल न्हाई."

"गोळी?"

"ते त्याचं त्यो बघतो माय. त्यो काय लहान हाय का?"

म्हणजे नाहीच. तिकडे कुणाला माहीत गोळी काय आणि कशाची. सकाळपासून घास उतरला नाही. नुसती येरझारा घालते. एक दिवस चुकला, दोन चुकले, की जंतू डोकं वर काढतो, हे मीच गावाला सांगत फिरले आहे. माझ्या खोकल्याने मी तिला मारणार आणि यांच्या गलथानपणाने ते तिला मारणार. देवा, मला आधी ने. पण मग तिचं कोण बघणार?

१८ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

आले. सकाळी नऊला. राजी जीपमधून "पप्पा पप्पा" करत उतरली. माझ्या खिडकीकडे बोट केलं आणि यांच्याकडे बघून हसली. गाल भरलेत जरा. पाहुण्या बाईकडे बघावं तसं बघितलं तिने मला.

हे गाडीवर गेले. सासूबाई जनावरांकडे. मी तिला दाराशी बोलावलं, साखर दाखवली तेव्हा आली. तीर्थपुरीचे तीन दिवस बुडालेले. तीन गोळ्या विरघळवल्या आणि पाजल्या. चौथा चमचा नुसत्या साखरेचा दिला, शहाणी म्हणून.

भरून निघालं सगळं. आज किती दिवसांनी छाती हलकी वाटते आहे. पडते जरा.

१९ फेब्रुवारी, बुधवार, जालना

जालन्याच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहिते आहे. लिहिलं नाही तर मी कुणालातरी वेगळंच सांगेन, आणि मग तेच मला खरं वाटायला लागेल. माझं तसं होतं, हे काल कळलं.

काल मी पडले, त्याला तास झाला नसेल. सासूबाईंची किंकाळी आली. राजी अंगणात आडवी, डोळे पांढरे, हातपाय झटके देत होते. मी बाहेर धावले. सासूबाई कांदा फोडून नाकाशी धरत होत्या. मामंजींनी फोन केला, हे वाटेतून पॅसेंजर उतरवून जीप घेऊन आले. घनसावंगीला सुई दिली आणि जालन्याला न्या म्हणाले. हे चालवत होते, राजी सासूबाईंच्या मांडीवर, मी मागच्या बाकावर मास्क बांधून. वाटेत परत झटका आला. यांनी आरशात बघितलं. "राजी, ए राजी, आलोच हं," एवढंच म्हणत होते, सगळ्या रस्त्याने.

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालू आहे? यांनी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "ही गोळी जास्त झाली तर असे झटके येतात. किती दिली?"

"येकच साहेब. रोज सकाळी येकच."

"नक्की? दोन-चार एकदम दिल्या नाहीत? विसरून परत दिली असेल?"

"न्हाई साहेब."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "ताई, गाडीवर असणाऱ्या माणसाच्या हातात लेकराचं औषध कशाला सोपवलं? आईने बघायचं असतं हे." आणि मी मान हलवली.

हो, मी मान हलवली. सासूबाई रडत यांना म्हणाल्या, "काय केलंस रे बाबा?" हे भिंतीला टेकून उभे होते, घामाने भिजलेले. म्हणाले, "माझंच काही चुकलं असंल. मला काय कळतंय त्यातलं." हे माझेच शब्द होते, रोज खिडकीतून ऐकवलेले. ते आता त्यांच्या तोंडातून येत होते. आणि तरीही मी गप्प राहिले. किती वेळ? घड्याळ नव्हतं. आत लेकरू तडफडत होतं, आणि माझ्या मनात काय होतं, तर गिरिजाबाई काय म्हणतील, मॅडम काय म्हणतील, अंगणवाडी जाईल. मी अशी बाई आहे हे मला माहीत नव्हतं.

मग यांनी खिशातून पाकिटं काढून डॉक्टरांसमोर धरली. प्रत्येक रिकाम्या घरावर बॉलपेनने तारीख. २८ जानेवारीपासून एकेक. १ तारखेपाशी लिहिलेलं, 'थुंकली, अर्धी परत'. १५, १६, १७ पण होत्या. १८ पण होती, काल सकाळची. अक्षर वाकडंतिकडं, धावत्या गाडीत लिहिल्यासारखं.

डॉक्टर म्हणाले, "इथे तर एकही जास्तीची नाही. मग झालं कसं?"

मी म्हटलं, "मी दिल्या."

"किती?"

"आज तीन. एकदम. तीर्थपुरीच्या आधी सहा दिवस एकेक. यांच्या वेगळ्या."

डॉक्टर सिस्टरला औषधाचं नाव ओरडून सांगत आत पळाले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. यांनी पाकिटांची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि आतल्या दाराकडे तोंड करून उभे राहिले.

त्या औषधाचा उतारा शिरेतून दिला. झटके थांबले. जाग मात्र आलेली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अजून जाग नाही. डॉक्टर म्हणतात थांबा. सासूबाईंना परत पाठवलं, मामंजी एकटे आहेत.

लेकरांच्या वॉर्डात फक्त आईला सोडतात. दारावर पाटीच आहे. वॉर्डच्या मावशी यांना ढकलत होत्या, "बाप्यांनी बाहेर व्हा. आई कुठं हाय? आईला पाठवा." हे बाजूला झाले, बापांसाठीच्या बाकाकडे निघाले. सवयीने निघाले, मी बघत होते.

मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की सगळा व्हरांडा वळला, "मला टीबी आहे. मी आत जाणार नाही. लेकरू त्यांच्याकडेच असतं, त्यांनाच आत घ्या."

माझ्या शेजारची बाई आपलं पोर उचलून लांब जाऊन बसली. आमच्या गावचाही एकजण होता तिथे, त्याने ऐकलं. उद्यापर्यंत गावभर होईल. होऊ दे.

मावशी सिस्टरला विचारून आल्या. हे आत गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. परवापासून एक शब्द बोललेले नाहीत, आणि मला तो मागायचा हक्क नाही. शालूला फोन करून पाकिटाचं खरं सांगितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी डोळे उघडले. मला कुणी येऊन सांगितलं नाही, दाराच्या काचेतून दिसलं. हे तिच्या उशाशी वाकले होते आणि तिने यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं होतं. माझ्या तोंडात आलं होतं, "हळू, सुईचा हात दाबू नका." मास्कमध्येच राहू दिलं. यांनी तो हात आधीच वर धरलेला होता.

डॉक्टर म्हणाले, धोका टळला असं वाटतंय, पण काही दिवस नजर ठेवावी लागेल. पुढचं आत्ता सांगता येत नाही. गोळ्यांचं काय करायचं ते आठवड्याने ठरवू. हे सगळं त्यांनी यांना सांगितलं. मी दोन पावलं मागे उभी राहून ऐकलं.

दुपारी पायरीवर बसले होते. आतून सिस्टरने हाक मारली, "राजनंदिनीची आई कोण आहे? चला, दूध पाजायचंय!"

मी उठले. पदर सावरला, मास्क दाबला, दोन पायऱ्या चढलेसुद्धा.

आतून यांचा आवाज आला, "मी हाय."

सिस्टरने एकदा बाहेर माझ्याकडे बघितलं, मग वाटी आत नेली आणि दार लोटून घेतलं. मी परत पायरीवर येऊन बसले.